नोकरी सोडून चालता धंदा विकत घेताना

विकत घ्यायच्या विचाराने मी पहिल्यांदा जो छापखाना बघायला गेलो, तिथे माझ्यासमोरच एक गिऱ्हाईक जुनं माहितीपत्रक घेऊन आलं. ‘असंच हजार हवंय.’ मालकांनी तो कागद अंगठा आणि तर्जनीत धरून एकदा चोळला, उजेडाकडे केला, उलटून पाहिला आणि दर सांगून टाकला. गिऱ्हाईक मान डोलावून विसार देऊन गेलं. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नसतील. मी भारावून गेलो होतो. मालक आत गेल्यावर मी मशीनवरच्या कारागिराला विचारलं, ‘साहेब नसले तर दर कोण सांगतं?’ तो म्हणाला, ‘साहेब आले की सांगतात.’

तो छापखाना मी घेतला नाही. धंदा दुकानात आहे की मालकाच्या अंगठ्यात, हे आधी बघायचं असतं. पुढचं सगळं त्याच एका प्रश्नाभोवती फिरतं. नोकरीच्या ताणाला कंटाळून छोटा व्यवसाय विकत घ्यायचा म्हणताय, तर कोणत्या क्रमाने पावलं टाकावीत ते सांगतो.

आधी ताण कसला आहे ते लिहून काढा

राजीनाम्याचा मसुदा बाजूला ठेवा. एक साधी वही घ्या आणि पंधरा दिवस रोज संध्याकाळी दोन ओळी लिहा: आज सर्वांत जास्त त्रास कशाचा झाला आणि किती वाजता. पंधरा दिवसांनी नोंदी वाचल्या की त्यांचे गट आपोआप पडतात. कुणाला वरिष्ठांचा त्रास असतो, कुणाला कामाच्या तासांचा, कुणाला आपल्या हातात काहीच नसल्याचा, तर कुणाला पैशाचा.

हे गट महत्त्वाचे आहेत, कारण धंदा यातले काही त्रास घेऊन जातो आणि काही वाढवून देतो. वरिष्ठ जातात आणि निर्णय तुमच्या हातात येतात. पण पैशाची चिंता वाढते. पगाराची तारीख तीच राहते, फरक इतकाच की आता पगार तुम्ही द्यायचा असतो. तासांचं तर विचारूच नका. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो. मालक म्हणून केलेले सत्तर तास शरीराला हलके लागत नाहीत. तुमच्या वहीत ‘वेळ’ हाच मुख्य त्रास असेल, तर मालकाला सकाळी सातला शटर उघडायला लागतं असा कोणताही धंदा तुमच्यासाठी नाही, मग तो कितीही फायद्याचा असो.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. झोप उडाली असेल, सकाळी उठून ऑफिसला जायच्या विचारानेच छातीत धडधडत असेल, तर आधी रजा घ्या, डॉक्टरांना भेटा. थकलेल्या माणसाला कुठलंही दार सुटकेचं वाटतं आणि समोरचा विक्रेता ते ओळखतो. दमलेल्या मनाने घरसुद्धा घेऊ नये, धंदा तर नाहीच.

पैशाचे तीन डबे

हातातली सगळी पुंजी म्हणजे धंद्याची किंमत, असं समजणाऱ्यांचा पहिल्या सहा महिन्यांत जीव जातो. तीन वेगळे हिशेब मांडा. पहिला घरखर्चाचा: निदान बारा महिने घर चालेल इतकी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि तिला हात लावू नका. नोकरीबरोबर जाणारा आरोग्यविमा स्वतःच्या पैशाने घ्यावा लागेल, तो खर्च यातच धरा. दुसरा खरेदीचा: किंमत, वकील, अकाउंटंट, परवाने आणि भाडेकरार नावावर करण्याचा खर्च. तिसरा खेळत्या भांडवलाचा, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे येईपर्यंत रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या रकमेचा, आणि नवखा माणूस नेमका हाच विसरतो.

मी स्वतः इथे चुकलो. पुढे मी जो छापखाना घेतला, त्याला कागद पुरवणारा घाऊक व्यापारी जुन्या मालकांना ४५ दिवसांची उधारी देत असे. ती उधारी धंद्याबरोबर आपल्याकडे येते असं मी गृहीत धरलं होतं. पहिल्याच खेपेला निरोप आला: नव्या नावाला रोखीनेच माल. त्याचंही बरोबर होतं, तो मला ओळखत नव्हता. पण माझी गिऱ्हाइकं मात्र जुन्या सवयीने दोन महिन्यांनी पैसे देणार होती. कागदाचे पैसे आज द्यायचे आणि छपाईचे साठ दिवसांनी मिळायचे. नफा कागदावर दिसत होता आणि खातं रिकामं होत होतं. म्हणून खरेदीआधीच प्रत्येक मुख्य पुरवठादाराला भेटा आणि ‘मालक बदलला तर अटी त्याच राहतील का’ हे विचारा. त्यांना भेटता येत नसेल, तर सगळी खरेदी रोखीने करावी लागेल असं धरून हिशेब मांडा.

कर्ज घ्यायचं असेल तर बँकेशी बोलणी नोकरीत असतानाच सुरू करा. पगाराची पावती हातात असताना तुम्ही ज्या खुर्चीत बसता, ती राजीनाम्यानंतर मिळत नाही. छोट्या धंद्याच्या कर्जाला बहुतेक वेळा वैयक्तिक जामीन किंवा तारण मागतात. म्हणजे धंदा बुडाला तर हप्ता घरावर येतो. हे वाक्य घरच्यांसमोर मोठ्याने बोलून दाखवा. त्यांची तयारी नसेल तर पुढची पावलं टाकू नका.

काय शोधायचं, कुठे शोधायचं

नवा धंदा काढण्यापेक्षा चालता घेण्यात फायदा असा की पहिल्या दिवशी गिऱ्हाईक दारात असतं आणि मागच्या वर्षांचे आकडे बघता येतात. त्या बदल्यात जुनी दुखणीही सोबत येतात. आवडीपेक्षा सवयीचा विचार करा: तुम्हाला माणसांशी बोलणं जमतं की यंत्रं, हिशेब की दारोदार फिरणं? ज्या कामात रोज तीच तीच गिऱ्हाइकं परत येतात, जे काम फॅशनवर चालत नाही आणि ज्याला हात लावायला कुणी फारसं उत्सुक नसतं, असे साधे धंदे नवख्याला मानवतात. वर्षाची अर्धी कमाई दोन महिन्यांत होत असेल तर उरलेले दहा महिने काढायची ताकद आहे का, ते पाहा. विक्रीचा तिसरा हिस्सा एकाच गिऱ्हाइकाकडून येत असेल तर तुम्ही धंदा घेत नसून एक नवा साहेब घेताय.

जाहिरातींपेक्षा ओळखीतून चांगले धंदे मिळतात. निवृत्तीला आलेले मालक, ज्यांची मुलं दुसऱ्या क्षेत्रात गेली आहेत, हे उत्तम विक्रेते. त्यांची खबर पुरवठादारांना, अकाउंटंटना आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकना सर्वांत आधी असते. दलाल मधे असेल तर त्याची दलाली बहुधा विक्रेता देतो, एवढं लक्षात ठेवून त्याचा सल्ला ऐका.

पहिली भेट

‘का विकताय?’ हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारा, तिसऱ्या भेटीत पुन्हा विचारा आणि दोन्ही उत्तरं वहीत शेजारी शेजारी लिहा. खरं कारण सहसा बदलत नाही. व्यवहार पक्का होईपर्यंत विषय गुप्त ठेवायचं वचन द्या आणि पाळा. दुकान विकायला काढल्याची कुणकुण लागली की चांगला कारागीर आधी दुसरीकडे विचारणा करतो, आणि तुम्ही त्याच्याचसाठी पैसे मोजत असता.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये वापरलेल्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला, आणि २००१ मध्ये नोबेल देताना त्याच कामाची दखल घेतली गेली. मुद्दा असा की गाडीचा दोष विकणाऱ्याला माहीत असतो, घेणाऱ्याला नाही, आणि या एका फरकाने सगळा बाजार बिघडतो. धंद्याच्या खरेदीत हा फरक गाडीपेक्षा कितीतरी मोठा असतो. विक्रेता लबाड असेलच असं नाही. वीस वर्षं त्याच खुर्चीत बसलेल्या माणसाला काही गोष्टी सांगण्यासारख्या वाटतच नाहीत. दर आपण डोक्यातून सांगतो, हे त्या पहिल्या छापखान्याच्या मालकांना दोष म्हणून कधी जाणवलंच नव्हतं.

वह्या वाचणं

निदान तीन वर्षांची नफा-तोटा पत्रकं, ताळेबंद, भरलेली कर विवरणपत्रं आणि बँकेची स्टेटमेंट मागा. चारही एकमेकांशी जुळायला हवीत. विक्रेता डोळा मिचकावून ‘खरी विक्री याच्या दीडपट आहे, वहीत दाखवत नाही’ म्हणाला, तर शांतपणे सांगा की मी वहीत दिसेल त्याचेच पैसे देईन. जो कर खात्याला खोटं सांगतो, तो तुम्हालाच खरं सांगेल हे कशावरून?

आता एक उदाहरण आकड्यांनी बघू. समजा पत्रकात वर्षाचा निव्वळ नफा ६ लाख दिसतोय. विक्रेता म्हणतो, यात माझा पगार ३ लाख मिळवा, धंद्याच्या खर्चात टाकलेली घरची गाडी आणि फोन १ लाख, कर्जाचं व्याज १ लाख, घसारा, म्हणजे यंत्रांची झीज म्हणून वहीत धरलेली रक्कम, १ लाख. झाले १२ लाख. मालकाची ही एकूण कमाई. हिशेबाची ही पद्धत रूढ आहे, त्यात चूक नाही. मालक स्वतः राबतो असे छोटे धंदे बऱ्याचदा या वार्षिक कमाईच्या दोन ते तीन पटीत विकले जातात. अडीच पटीने तो ३० लाख मागतो.

तुम्ही उलट्या बाजूने सुरुवात करा. गल्ल्यावर त्याचा भाऊ बिनपगारी बसतो. तो गेला की माणूस ठेवावा लागेल, २ लाख वजा. यंत्रं कायम टिकत नाहीत, दरवर्षी सरासरी दीड लाखाची डागडुजी आणि बदल लागतात, ते वजा. गेल्या वर्षी एक मोठं काम मिळालं होतं जे पुन्हा येणार नाही, त्याचा नफा दीड लाख, तोही वजा. उरले ७ लाख. अडीच पटीने किंमत झाली साडेसतरा लाख. एकाच धंद्याचे हे दोन आकडे आहेत, आणि मधल्या साडेबारा लाखांवर तुमची बोलणी होणार आहेत.

इथेच थांबू नका. १० लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं, तर महिन्याचा हप्ता सुमारे २२,२४४ येतो, म्हणजे वर्षाला जवळपास २ लाख ६७ हजार. ७ लाखांतून तो गेला की ४ लाख ३३ हजार राहतात, त्यातून कर आणि घर. तुमच्या घराला वर्षाला ४ लाख लागत असतील, तर एक वाईट महिना आला की हप्ता चुकणार. घरखर्च काढून उरलेली रक्कम हप्त्याच्या निदान सव्वापट असावी, असं मी धरून चालतो. या उदाहरणात ७ मधून ४ गेले की ३ लाख राहतात, आणि सव्वापट म्हणजे साधारण ३ लाख ३४ हजार हवेत. म्हणजे एक तर किंमत खाली यायला हवी किंवा कर्ज कमी व्हायला हवं.

स्टुलावर बसणं

सगळ्या पावलांत हे मला सर्वांत मोलाचं वाटतं आणि लोक नेमकं हेच टाळतात. किंमत तत्त्वतः ठरली की विक्रेत्याला सांगा: मला एक आठवडा तुमच्या दुकानात बसायचंय. नातेवाईक म्हणून बसवा, शिकाऊ म्हणून बसवा.

मी सहा दिवस एका स्टुलावर बसलो होतो. वहीत चार रकाने: वेळ, कोण आलं, कशासाठी आलं, आणि प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं. चौथा रकाना धंद्याचा खरा ताळेबंद असतो. तिसऱ्या दिवसापर्यंत दिसलं की दहांतली सात उत्तरं मालक देत नाहीत, काउंटरवरच्या ताई देतात. त्यांच्याकडे पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये कागदाच्या जाडीप्रमाणे दरपत्रक होतं, कोपरे मऊ पडलेलं, पेन्सिलीने दुरुस्त्या केलेलं. ते पाहिलं आणि मी मनात ठरवलं की हा धंदा घ्यायचा. मालक नसतानाही हा कागद दर सांगणार होता.

याच आठवड्यात इतर गोष्टीही कळतात. दुकानाचा म्हणून छापलेला फोन नंबर मालकाच्या खिशातल्या मोबाइलचा असतो. ऑफसेट मशीनचे रोलर झिजून गुळगुळीत झालेले असतात आणि शाई एकसारखी बसत नाही. मालसाठ्याच्या यादीत मोठ्या रकमेने दाखवलेला कागद मागच्या खोलीत कडांनी पिवळा पडलेला असतो. यंत्राबद्दल तुम्हाला कळत नसेल तर ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. त्याची एका दिवसाची मजुरी ही सगळ्या खरेदीतली सर्वांत स्वस्त गोष्ट ठरते.

कागद करताना

वकील स्वतःचा घ्या, विक्रेत्याचा नको. पहिला निर्णय असा की पूर्ण कंपनी घ्यायची की फक्त तिची यंत्रं, नाव, माल आणि गिऱ्हाइकं. कंपनी घेतली तर तिची जुनी देणी, थकलेले कर, चालू दावे हे सगळं तुमच्याकडे येतं. फक्त मालमत्ता घेतली तर सहसा या गोष्टी मागे राहतात, पण परवाने आणि करार नव्याने करावे लागतात. नवख्याने बहुधा दुसरा मार्ग धरावा. नेमकी देणी कुठे राहतात हे तिथल्या कायद्यावर ठरतं, म्हणून वकिलाला हाच प्रश्न आधी विचारा.

जागा भाड्याची असेल तर जागामालकाची लेखी संमती आल्याशिवाय एक पैसा देऊ नका. विक्रेत्याने ठरावीक वर्षं, ठरावीक अंतरात तोच धंदा काढायचा नाही, ही अट हवी. फोन नंबर, ईमेल, वेबसाइट, सोशल मीडियाची खाती यांची नावानिशी यादी करारात हवी. माल व्यवहाराच्या दिवशी दोघांनी मिळून मोजायचा आणि पडून राहिलेल्या मालाला शून्य किंमत धरायची.

शक्य असेल तर किमतीचा काही भाग, मी चौथा हिस्सा ठेवला होता, वर्ष-दोन वर्षांत हप्त्याने द्यायचं ठरवा. विक्रेत्याचे पैसे धंद्यात अडकलेले असले की तो तुमचा फोन उचलतो. याला अजिबात तयार नसलेल्या विक्रेत्याला त्याचं कारण विचारा. त्याशिवाय एक-दोन महिने सोबत बसून शिकवणं आणि मुख्य गिऱ्हाइकांशी समोरासमोर ओळख करून देणं हे करारात लिहून घ्या, तोंडी नको.

राजीनामा

करारावर सह्या आणि जागामालकाची संमती हातात आल्यावरच. नोकरीच्या करारातली स्पर्धेची आणि गुप्ततेची कलमं आधी वाचा. नोटीस पूर्ण भरा, काम नीट सोपवा. जुनी ऑफिसं पुढे गिऱ्हाईक होतात.

पहिले तीन महिने

काही बदलू नका. नाव, रंग, दर, वेळा, माणसं, सगळं होतं तसं ठेवा. तुमच्या डोक्यात सुधारणांची लांबलचक यादी असेल, ती वहीत लिहा आणि वही मिटा. तिसऱ्या महिन्यात ती उघडलीत तर अर्ध्याहून अधिक गोष्टी तुम्ही स्वतःच खोडाल, कारण तोवर त्या तशा का आहेत हे कळलेलं असतं.

पहिल्या दिवशी माणसांना एकत्र बसवून एवढंच सांगा की पगार त्याच तारखेला होईल, आणि तो त्याच तारखेला करा. रोज रात्री तीन आकडे लिहा: आज किती आले, किती गेले, खात्यात किती आहेत. दर सोमवारी पुढच्या सहा आठवड्यांची येणी आणि देणी मांडा. येणी लांबलेल्या गिऱ्हाइकाला फोन स्वतः करा. मला सुरुवातीला हा फोन करताना घसा कोरडा पडायचा. मग मी ताईंचं ऐकून वाक्य ठरवून घेतलं: ‘पावती मिळाली का, एवढं विचारायला फोन केला.’ बहुतेकांना तेवढी आठवण पुरते.

आठवड्याची एक सुट्टी पहिल्या आठवड्यापासून घ्या, आणि त्या दिवशी दुकान उघडं राहू द्या. तुम्ही नसताना कोणतं काम अडलं ते दुसऱ्या दिवशी विचारून लिहून ठेवा. जे अडलं ते आधी कागदावर उतरवा, मग कुणाला तरी शिकवा. जुन्या मालकांच्या डोक्यातून जे सुटलं, ते तुमच्या डोक्यात जाऊन बसता कामा नये.

तीन महिने झाले की पहिली वही काढा आणि पुन्हा पंधरा दिवस रोज संध्याकाळी दोन ओळी लिहा. नव्या नोंदींत जो त्रास सर्वांत जास्त वेळा आला असेल, त्या कामासाठी आधी माणूस शोधा, मग नवं यंत्र घ्या.